विश्लेषण : परिसराचे वार्तापत्र की घरविक्रीची जाहिरात? वाचकाने ओळखायचे कसे?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याला येणारी चार पानांची पीडीएफ, वर्तमानपत्राच्या घडीत घातलेले रंगीत पत्रक किंवा लॉबीत वॉचमनच्या टेबलावर ठेवलेला अंकांचा गठ्ठा. आत पाणीकपातीचे वेळापत्रक, रखडलेल्या पुलाची बातमी, दहावीच्या गुणवंतांचे फोटो आणि शेवटच्या पानावर ‘आपल्या परिसरातील उपलब्ध सदनिका’. इस्टेट एजंट आणि विकासकांसाठी असे परिसर वार्तापत्र हे कमी खर्चात शेजाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे. त्यात मुळात गैर काही नाही. मात्र ते कोण काढतो आणि खर्च कोण करतो हे वाचकाला कळले नाही, तर आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार चुकीच्या माहितीवर होऊ शकतो.

हा प्रकार नेमका काय?

अमेरिकेत इस्टेट एजंटांच्या व्यवसायात याला ‘फार्मिंग’ म्हणतात. शेतकरी एका तुकड्याची सातत्याने मशागत करतो, तसे एजंटाने एक वस्ती निवडायची आणि तिथल्या प्रत्येक घरात ठरावीक काळाने काहीतरी पाठवत राहायचे. कधी घरांच्या भावांचा तक्ता, कधी स्थानिक बातम्या, कधी सणाच्या शुभेच्छा. आज त्या घरातील कोणाला घर विकायचे नसते. पण ज्या दिवशी विकायचे ठरेल, त्या दिवशी पहिले नाव आपले आठवावे, एवढाच हिशेब.

भारतातही परिसरापुरत्या वृत्तपत्राची परंपरा आहे. चेन्नईत १९९४ मध्ये सुरू झालेले ‘मैलापूर टाइम्स’ हे साप्ताहिक स्थानिक जाहिरातींच्या बळावर घरोघरी मोफत दिले जाई. महाराष्ट्रात गणेश मंडळाची स्मरणिका, ज्ञाती संस्थेचे मासिक, सोसायटीचा वार्षिक अंक यांत बिल्डर आणि इस्टेट एजंटांच्या जाहिराती कायम असतात. फरक इतकाच, की स्मरणिकेत अंक मंडळाचा आणि जाहिरात एजंटाची असते. नव्या वार्तापत्रांत अनेकदा अंकच एजंटाचा असतो.

एजंटाला ते का परवडते?

एक काल्पनिक हिशेब मांडू. दीड हजार घरांच्या वस्तीत महिन्याला प्रतिघर सहा रुपये खर्चून छापील अंक वाटला, तर महिन्याचा खर्च नऊ हजार आणि वर्षाचा एक लाख आठ हजार रुपये होतो. एक कोटीच्या सदनिकेवर एका बाजूने एक टक्का दलाली धरली, तर ती एक लाख होते. म्हणजे वर्षाला जेमतेम एका व्यवहारात खर्च जवळपास निघतो आणि दुसऱ्या व्यवहारापासून नफा सुरू होतो. पीडीएफ पाठवली तर छपाईचा खर्चही नाही.

पण खरा लाभ पैशांपलीकडचा आहे. घर घेणे वा विकणे हा बहुतेकांच्या आयुष्यात एकदा किंवा दोनदा येणारा प्रसंग. त्यामुळे एजंटाची पारख करण्याचा अनुभव कोणाकडेच नसतो. मग माणूस ओळखीवर विसंबतो. बारा महिने पाणीकपातीची खबर देणारा माणूस ओळखीचा वाटू लागतो. होर्डिंगवरील जाहिरातीकडे वाचक सावधपणे पाहतो, ‘आपल्या परिसराच्या’ अंकाकडे तसे पाहत नाही. वार्तापत्राची ताकद याच सैल झालेल्या सावधपणात आहे आणि धोकाही तिथेच आहे.

वाचकाला त्यातून काय मिळू शकते?

चांगले वार्तापत्र रहिवाशांच्या खरोखर उपयोगाचे असते. उदाहरण भावांचे. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहाराची रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख दस्ताच्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे ‘इंडेक्स टू’मध्ये असते आणि ती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. एखाद्या एजंटाने गेल्या तिमाहीत परिसरात नोंदलेल्या व्यवहारांचे दर, घरमालकांची नावे आणि सदनिका क्रमांक वगळून, तक्त्यात दिले तर विकणारा आणि घेणारा दोघांचाही फायदा होतो. रेडी रेकनर म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर हा मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी आधार आहे, प्रत्यक्ष बाजारभाव नव्हे, हा फरकही अशा अंकाने समजावून सांगता येतो.

सहकारी सोसायटीच्या नियमांचेही तसेच. महापालिका क्षेत्रात सदनिका हस्तांतरित होताना सोसायटीला घेता येणारे अधिमूल्य कमाल २५ हजार रुपये आहे. घर भाड्याने दिल्यास आकारायचे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा २००१ चा शासन आदेश आहे. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. या तीन गोष्टी माहीत नसल्यामुळे अनेक सोसायट्यांत वाद होतात. त्या सांगणाऱ्या एजंटाला आपली सदनिका ‘शेवटची संधी’ म्हणून ओरडून विकावी लागत नाही.

कायद्याच्या नजरेत हे वार्तापत्र की जाहिरात?

स्थावर संपदा कायदा, २०१६ म्हणजे ‘रेरा’ने जाहिरातीची व्याख्या व्यापक ठेवली आहे. कोणत्याही माध्यमातून, प्रकल्पाची माहिती देणारी किंवा विक्रीचा प्रस्ताव मांडणारी सूचना, परिपत्रक वा अन्य दस्तऐवज तिच्यात येतो. त्यामुळे नव्या प्रकल्पाची भलामण करणारे पान ‘परिसर वार्ता’ या शीर्षकाखाली छापले म्हणून ते जाहिरात असायचे थांबत नाही.

पुढच्या जबाबदाऱ्या स्पष्ट आहेत. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी जाहिरात करता येत नाही. हा नियम मोडल्यास विकासकाला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला कलम १२ नुसार विकासकाकडून भरपाई मागता येते किंवा व्याजासह रक्कम परत घेऊन बाहेर पडता येते. म्हणजे जुना अंक जपून ठेवणे हा निव्वळ हौसेचा भाग नाही, तो पुरावा ठरू शकतो.

महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला. उल्लंघनासाठी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२५ मध्ये नोंदणी क्रमांक, महारेराचे संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात ठळकपणे देण्याचा आदेश निघाला. एजंटांसाठीही १ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण आणि परीक्षेचे प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे.

छापील अंक नियमितपणे निघत असेल आणि त्यात सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या असतील, तर आणखी एक कायदा लागू होतो. १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्यानुसार नियतकालिकाची नोंदणी करावी लागते. बातमी छापायची तर प्रकाशक कोण हे सांगण्याची जबाबदारीही येते.

मग पळवाट कुठे आहे?

पळवाट फेरविक्रीत आहे. रेरातील एजंटाची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतील व्यवहारांसाठी आहे. वीस वर्षे जुन्या इमारतीतील सदनिका एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा त्या व्यवहारावर महारेराची तशी देखरेख नसते. परिसर वार्तापत्रांचा मुख्य माल मात्र नेमका हाच असतो. तिथे ग्राहकाच्या हाती उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. शिफारस करणाऱ्याचे जाहिरातदाराशी आर्थिक संबंध असतील तर ते उघड करावेत, असे या प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण गल्लीपुरत्या पीडीएफची तक्रार दिल्लीपर्यंत कोण नेणार, हा व्यवहारातला प्रश्न आहे.

पुनर्विकासात धोका अधिक का?

मुंबई, ठाणे, पुण्यातील जुन्या सोसायट्यांत आज सर्वांत मोठा निर्णय घर विकण्याचा नाही, इमारत पाडण्याचा आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या निर्देशांनुसार पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि विकासकाची निवड निबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या उपस्थितीत विशेष सर्वसाधारण सभेत होते. म्हणजे निर्णय मतावर होतो आणि मत माहितीवर बनते.

साठ सभासदांच्या सोसायटीत ३१ जणांचे मत पुरते. त्यातले अनेक ज्येष्ठ नागरिक असतात, काही जण परगावी वा परदेशात असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी माहिती म्हणजे बहुधा ग्रुपवरील हाच अंक. शेजारच्या इमारतीला किती वाढीव क्षेत्र मिळाले, हे त्यात रंगवून सांगितले जाते. ते क्षेत्र चटई क्षेत्र आहे की अन्य कोणते, भाडे किती महिन्यांचे आगाऊ मिळाले, बँक हमी किती, काम किती लांबले, हे राहून जाते. अंक काढणाऱ्या एजंटाला विकासकाकडून मोबदला मिळणार असेल आणि ते अंकात कुठेही लिहिलेले नसेल, तर तो अंक सभेआधी झालेला एकतर्फी प्रचार ठरतो. सदनिका महाग पडली तर नुकसान एका कुटुंबाचे होते. इथे बुडाली तर अख्खी सोसायटी भाड्याच्या घरात अडकते.

वस्तीचे वर्णन करताना रेषा कुठे?

परिसराबद्दल लिहिताना माणसांबद्दल लिहिण्याचा मोह होतोच. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म आदी कारणांवरून पसंती दर्शवणाऱ्या घरांच्या जाहिरातींना मनाई केली. त्यामुळे तिथल्या एजंटांना घराचे वर्णन करा, शेजाऱ्यांचे नको, असे शिकवले जाते. आपल्याकडे खासगी घरविक्रीत अशी थेट मनाई करणारा केंद्रीय कायदा नाही. ‘फक्त शाकाहारींसाठी’, ‘अमुक समाजाची वस्ती’ असे शब्द जाहिरातीत सर्रास दिसतात. पण जो अंक सगळ्या परिसराचा म्हणून प्रत्येक दारात जातो, त्याने त्याच परिसरातील काहींना दार बंद असल्याचे छापणे हे त्याच्या नावालाच शोभत नाही.

वाचकाने काय पाहावे?

पहिल्या किंवा शेवटच्या पानावर प्रकाशकाचे पूर्ण नाव आणि पत्ता आहे का, हे आधी पाहावे. केवळ मोबाइल नंबर पुरेसा नाही. प्रकल्पाचा उल्लेख असेल तर क्यूआर कोड स्कॅन करून महारेराच्या पानावरील पूर्णत्वाची तारीख, मंजुऱ्या आणि तक्रारी तपासाव्यात. एजंटाचा नोंदणी क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होतो, तो संकेतस्थळावर पडताळता येतो. भाव दिले असतील तर ते मागितलेले की नोंदलेले, हे विचारावे. क्षेत्रफळ चटई क्षेत्रात आहे का पाहावे, कारण रेरानुसार विक्रीचा आधार तेच आहे. पुनर्विकासाचा लेख असेल तर लेखकाचा त्या विकासकाशी संबंध काय, हे सभेत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

सोसायटीच्या कार्यकारिणीचीही जबाबदारी आहे. सभासदांच्या फोन नंबरांची यादी सोसायटीच्या कामासाठी घेतलेली असते, ती एजंटाला देण्यासाठी नव्हे. लॉबीत अंक ठेवू द्यायचा तर सर्व एजंटांना समान नियम हवा आणि अंकावर ‘जाहिरात’ असा स्पष्ट शब्द हवा.

पुढे काय व्हायला हवे?

महारेराने व्हॉट्सॲपवरील पीडीएफ आणि परिसर अंक जाहिरातीच्या व्याख्येत येतात, हे एका परिपत्रकाने निःसंदिग्ध करावे. फेरविक्री करणाऱ्या एजंटांनाही नोंदणीच्या कक्षेत आणण्याचा विचार केंद्राने करावा. मात्र सगळे कायद्यावर सोडून चालणार नाही. ‘हा अंक अमुक इस्टेट एजंटाने स्वखर्चाने काढला आहे’ ही एक ओळ पहिल्या पानावर छापायला खर्च येत नाही. ती छापूनही वाचक अंक वाचत असतील, तर एजंटाने विश्वास कमावला. ती लपवावी लागत असेल, तर त्या अंकातल्या पाणीकपातीच्या वेळापत्रकाखेरीज कशावरही विसंबू नये.