नाण्यावरची चांदणी आणि लाखाची गोष्ट

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा मुठीत दोन रुपयांचं नाणं घेऊन आला. "बाई, यावर चांदणी आहे. हे लाखाला जातं ना?" कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला व्हिडिओ त्याच्या घरी सगळ्यांनी पाहिला होता. नाणं विकायचं म्हणून वडील 'नोंदणी फी' भरायलाही निघाले होते.

त्या दिवशी परिसर अभ्यासाचा तास मी नाण्यांवरच घेतला. मुलांना घरून नाणी आणायला सांगितली होती, भिंग शाळेचं होतं.

आपल्या देशात नाणी पाडणाऱ्या सरकारी टांकसाळी चार आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाणं कुठे पडलं ते बहुधा वर्षाच्या आकड्याखालच्या बारीक खुणेवरून कळतं. चौकट म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. आणि खूणच नसेल तर कोलकाता! खूण नाही म्हणजे छपाईत चूक झाली, नाणं दुर्मीळ आहे, असं नवशिक्यांना वाटतं. ते तसं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ही खूण नाण्याचं जन्मगाव सांगते, किंमत सांगत नाही. किंमत ठरते ती त्या वर्षी त्या टांकसाळीत अशी नाणी किती पडली, आज किती शिल्लक आहेत, नाणं किती झिजलंय आणि संग्राहकांना ते किती हवंय यावर. म्हणून खूण, वर्ष आणि नाण्याचा प्रकार या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. नुसत्या चांदणीची नाणी तर किराणा दुकानाच्या गल्ल्यात रोज पडतात. आणखी एक, चिंच किंवा रांगोळी लावून नाणं घासू नका. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी मोल कमी होतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं. जुनी नाणी व नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून काही लोक शुल्क, कमिशन, कर मागतात. बँक असे व्यवहार करत नाही, असं त्यात म्हटलं होतं. साधा हिशेब आहे. खरा गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतो, आपल्याकडे आधी मागत नाही.

मग मुलांनी नाणी जमवू नयेत का? जरूर जमवावीत! चारही टांकसाळींची एकेक नाणी शोधायला सांगा. निरीक्षण, नकाशा आणि वर्षांचा क्रम, सगळं त्यात येतं, खर्च शून्य.

तो मुलगा भिंगातून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बाई, म्हणजे हे हैदराबादहून इथवर आलं?" नाणं आता त्याच्या कंपासपेटीत आहे. आणि वडिलांनी फी भरली नाही.