खांब मोजून झाले, आता पाण्याचं बोला

मे महिना अर्धा सरला की तालुक्याला आपत्ती व्यवस्थापनाची बैठक होते. मी मागच्या रांगेत बसून बातमी उतरवून घेतो. जेसीबी किती, झाडं कापायच्या करवती किती, कुठली शाळा निवाऱ्याला घ्यायची. वीज कंपनीचे साहेब उठतात, खांब-ट्रान्सफॉर्मरचा साठा वाचून दाखवतात आणि बसतात. चहा येतो. एक प्रश्न मात्र तिथे कुणी विचारत नाही, म्हणून इथे विचारतो. वादळात लाईट गेली, तर गावाला पाणी कुठून मिळणार?

निसर्ग वादळ आठवा. ३ जून २०२०, बुधवार. दुपारी ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि बाणकोट खाडीच्या अलीकडे मंडणगड, दापोलीलाही त्याने झोडपून काढलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, मध्येच त्याहून जोराचे झोत. नारळी-पोफळी भुईसपाट, कौलं-पत्रे उडालेले, वर कोरोनाचा लॉकडाऊन. मुंबईहून आलेले चाकरमानी ज्या शाळांत क्वारंटाईन होते, त्यातल्या काही शाळांचेच पत्रे गेले. पण वारा काही तासांत निघून गेला. लाईट कुठे आठ दिवसांनी आली, कुठे तीन आठवड्यांनी, तर टोकाच्या काही वाड्यांना महिना काढावा लागला.

आम्ही पत्रकारांनी तेव्हा 'गावं अंधारात' असे मथळे दिले. मथळा खोटा नव्हता. पण अंधाराचं लोकांना एवढं काही नव्हतं हो. कोकणातल्या माणसाला कंदील नवा नाही. खरी परवड झाली ती पाण्याची. नळयोजनेची मोटार विजेवर. टाकी एकदा रिकामी झाली की झाली. बरं, घरची विहीर आहे म्हणावं तर रहाट कधीच मोडीत निघालेला, कप्पी गंजलेली, दोर कुणाच्या गोठ्यात गेला कुणाला ठाऊक! विहिरीत पाणी दिसतंय आणि काढता येत नाही, अशी गत. ज्या आजीच्या घरात दोर-कळशी शिल्लक होती, तिच्या दारात अख्खी वाडी. जूनचा पाऊस सुरू होता म्हणून पागोळ्यांचं पाणी धरून भांडी-कपडे तरी झाले. हेच वादळ एप्रिलात आलं असतं तर?

पाण्यापाठोपाठ फोन गेले. मोबाईल टॉवरची बॅटरी काही तास टिकते, मग डिझेल लागतं आणि रस्त्यावर झाडं पडलेली असली की डिझेल पोचत नाही. मुंबईत पोरगा कासावीस, इकडे म्हातारा रेंजसाठी माळावर. कुणाचं इन्सुलिन बंद फ्रीजमध्ये. मातीच्या मडक्यात गार पाण्यात इन्सुलिन ठेवायची युक्ती आरोग्यसेविका सांगायच्या, पण ती सांगायलाही कुणाचा फोन लागायला हवा ना.

वायरमनना शिव्या देणाऱ्यांत मी नाही. जांभ्यात खड्डा मारणं काय असतं, ते मारणाऱ्याला विचारा. जिथे क्रेन जात नाही तिथे माणसांनी खांब खांद्यावरून चढवले. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं भर पावसात कामाला होती आणि गावकऱ्यांनी श्रमदानाने खड्डे खणले. पण कामाला क्रम असतो, तो समजून घ्यायला हवा. आधी सबस्टेशन, मग ११ केव्हीची लाईन, मग ट्रान्सफॉर्मर, शेवटी घरापर्यंतच्या तारा. वरचं चालू झाल्याशिवाय खालचं होत नाही. म्हणजे फिडरच्या शेपटाला असलेली वाडी कायमच शेवटी. यात कुणाचा दुष्टपणा नाही. फक्त त्याच शेपटावर गावाचं पंपहाऊस असेल, तर ते आधी माहीत पाहिजे की नको?

ओडिशाचं उदाहरण आपल्याकडे भाषणात हमखास येतं आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या मे महिन्यात फनी वादळाआधी तिथे दहा लाखांहून जास्त लोक हलवले गेले. तरीसुद्धा पुरी भागात वीज सुरळीत व्हायला कित्येक आठवडे लागले. एवढी तयारी असलेल्या राज्याची ही कथा, तर 'आपल्याकडे दोन दिवसांत येईल' या भरवशावर कोण बसणार?

मग कुणीतरी म्हणतं, सगळ्या तारा जमिनीखालून न्या. अलिबागसारख्या शहरात ते काम राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून हाती घेतलं गेलं, चांगलंच आहे. दाट वस्तीत परवडतं. पण चार डोंगर ओलांडून वीस घरांच्या वाडीला जांभा फोडून केबल येईल, असं कुणी सांगत असेल तर ते निवडणुकीपुरतं ऐकून घ्यावं.

नुकसानभरपाईचंही तसंच. वीज आयोगाच्या नियमांत दुरुस्तीला किती वेळ लागावा याची मुदत आहे, चुकली तर ग्राहकाला भरपाईही आहे. पण चक्रीवादळ, पूर अशा आपत्तीत कंपनीला त्यातून सूट मिळते. ज्या दिवसांत आपल्याला जास्त गरज, नेमक्या त्याच दिवसांत नियम रजेवर.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक पंपहाऊसला जनरेटर जोडायची कायमची सोय हवी. जनरेटर प्रत्येक गावाने विकत घ्यावा असंही नाही, चार ग्रामपंचायतींत मिळून एक चालेल. आज या टाकीला, उद्या त्या. पण पंपहाऊसमध्ये चेंजओव्हर स्विच बसवलेला हवा आणि मोटारीला पेलेल एवढा जनरेटर कुठला, हे आधी ठरलेलं हवं. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचू शकते, त्यामुळे लग्नातल्या मंडपाचा जनरेटर आणून लावला की तो मान टाकतो. वादळानंतर असे प्रयोग बघितलेत.

चेंजओव्हरवर एवढा जोर का, तेही सांगतो. निसर्गनंतर घरोघरी छोटे जनरेटर आले आणि काहींनी त्याची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसली. मेन स्विच चालूच. अशा वेळी करंट घरातून उलटा तारेवर जातो, ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघतो. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला वायरमन हकनाक मरतो. ज्याच्या नावाने आपण खडे फोडतो, त्याचाच जीव आपल्या घरातल्या प्लगमधून जायचा. घरच्या जनरेटरलाही चेंजओव्हर लावा. तो जनरेटर पडवीतही नको, लांब उघड्यावर ठेवा. धुराला वास असो-नसो, बंद जागेत झोपेतच माणूस जातो.

आणि फांद्या. मे महिन्यात तारेवरची झावळ छाटायला माणसं आली की 'माझ्या हापूसला हात लावायचा नाही' म्हणणारे वीर प्रत्येक वाडीत असतात. वादळात तीच फांदी तार घेऊन खाली येते आणि चाळीस घरं बसतात. याला कंपनी काय करणार?

पैशाचं म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला हिस्सा होता. प्रवेशद्वाराच्या कमानी कुठून झाल्या ते मी विचारत नाही, ग्रामसभेत तुम्ही विचारा. सोबत वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाकडून लेखी घ्या की आपलं पंपहाऊस कुठल्या फिडरवर आहे आणि दुरुस्तीत त्याचा नंबर कितवा.

तालुक्यातल्या पंपहाऊसची यादी करायला घेतली आहे. उद्या आपल्या गावच्या पंपहाऊसवर चक्कर मारा. मोटार किती हॉर्सपॉवरची, चेंजओव्हर आहे की नाही आणि जवळच्या विहिरीला रहाट किंवा कप्पी आहे का, एवढं बघून गावाच्या नावासह खाली लिहा. पुढच्या बैठकीत यादी तहसीलदारांच्या टेबलावर ठेवतो.