सलाम केला, पण विचारलं का?

मीरा रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी वेस्टर्न लाइनच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, त्यातला एक आपल्या मीरा रोडजवळ. काका घरातल्या दोन चादरी उचलून धावले. स्ट्रेचर होतं कुठे? चादरींतूनच माणसं बाहेर काढली.

त्या चादरी परत आल्या नाहीत. काकू अजून चेष्टेने म्हणतात, "माझ्या नव्या कोऱ्या चादरी घालवल्या यांनी!" सगळे हसतात आणि काका उठून गॅलरीत जातात. मी लहानपणापासून हे बघतोय. ते का उठतात, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी लोकल धावल्या, काका ऑफिसला गेले आणि 'मुंबई स्पिरिट'चं भरपूर कौतुक झालं. मला या स्पिरिटचा रागच येतो. एकदा शूर म्हटलं की त्या माणसाला 'मला झोप लागत नाही' असं म्हणायची सोय राहत नाही!

काका तर साधे प्रवासी. ज्यांची ही रोजची ड्यूटी आहे त्यांचं काय? 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे 4 अधिकारी गेले. त्यांच्या सहकाऱ्यांना पुढची घंटा वाजली की पुन्हा गाडीत चढायचंच होतं.

मित्रांनो, आपण फटीग शिकतो. एका दणक्यात न मोडणारा दांडा हलक्या लोडने लाखो वेळा वाकला की एक दिवस मोडतो, आणि तोपर्यंत बाहेरून चांगला दिसतो. म्हणून तर रेल्वेच्या ॲक्सलची अल्ट्रासॉनिक तपासणी होते. मग माणसाची का नको?

ड्रिलमध्ये दोर, शिडी, होज शिकवतात तसंच हेही आधी सांगावं की काय दिसेल, कसला वास येईल, हात थरथरतील, नंतर काही दिवस झोप उडेल. यात लाजण्यासारखं काही नाही. पण महिना उलटला तरी तेच चालू राहिलं तर डॉक्टरकडे जायचं. अशाने जवान मऊ पडतील म्हणे! उलट, अचानक हादरण्यापेक्षा माहीत असलेलं बरं.

नंतरचं काम जास्त नाजूक. पूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून घडलेलं सांगायला लावायची पद्धत होती. पुढे अभ्यासात तिचा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मार्गदर्शिका सांगते, बोलायची जबरदस्ती नको, जवळ राहा, ऐका, योग्य मदतीशी गाठ घालून द्या. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही 2009 मध्ये मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे. पण नंबर भिंतीवर लावून भागत नाही. सगळ्यांदेखत तो फिरवणार कोण? आधी साहेबाने म्हणायला हवं, "मलाही त्या रात्री झोप आली नव्हती." आणि मदत मागितली म्हणून सर्व्हिस बुकात शेरा पडणार नाही, याची लेखी खात्री हवी.

परवा चादरींचा विषय निघाला तेव्हा मी काकांच्या मागोमाग गॅलरीत गेलो. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एक पोरगा तुझ्याएवढाच होता रे." मग माझं सबमिशन कधी आहे ते विचारलं.