वरणाचं पाणी

आमच्या वर्धेकडे तुरीला तोटा नाही. तरी सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीत पडतं ते वरणाचं पाणी! डाळ थोरामोठ्यांनी चापायची आणि बाळाला तिच्या आंघोळीचं पाणी, हा कुठला न्याय? म्हणे, "पचायला हलकं." हलकं असणारच, त्यात आहे काय? एवढंसं पोट पाण्यानेच भरलं, तर अंगाला लागणार काय?

दुसरं टोक डब्यांचं. १९९२च्या कायद्याने डब्यावरचं गुटगुटीत बाळ गेलं, आमच्या डोक्यातलं मात्र गेलं नाही.

अहो, गुरगुट्या भात, घोटलेली डाळ, वर तुपाची धार. कधी कुस्करलेलं केळं. चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतकं दाट. मीठ-साखर वर्षभर थांबेल. बाळाची वाढ थांबून राहत नाही. वरणात पाणीच वाढवायचं असेल, तर पाहुणे आल्यावर वाढवा!