दिव्याची वेळ आणि उन्हाची वेळ

सौर ऊर्जेवर निबंध लिहायला सांगितला, की बहुतेक वह्यांत एक वाक्य हमखास सापडते : 'सूर्याची ऊर्जा फुकट व अखंड आहे.' फुकट आहे, हे खरे, पण अखंड? आपण दिवा लावतो तो नेमका सूर्य मावळल्यावर! सौर ऊर्जेचे भवितव्य या विसंगतीत अडकले आहे, असे मला वाटते.

सौर घट बनवण्याचा प्रश्न आता बव्हंशी सुटला आहे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त घट तयार झाला, तेव्हा तो उन्हातील सुमारे ६ टक्केच ऊर्जेची वीज करी. आज बाजारातली सौर पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या सौर विजेची क्षमता एक लाख मेगावॅटच्या वर गेली. उरला आहे तो साठवणीचा प्रश्न.

वीज साठवता येतेच. सह्याद्रीतील घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प पाहा. तेथे विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी वर चढवतात व मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून जनित्रे फिरवतात. पण जरा हिशेब करा. १००० लिटर पाणी ४०० मीटर खाली आले, तर ऊर्जा मिळते सुमारे ३९ लाख ज्यूल, म्हणजे जेमतेम एक युनिट! शिवाय या चढउतारात पाव हिस्सा वीज वाया जाते, ती वेगळीच. बॅटरीत नुकसान कमी. पण ती महाग, आणि काही वर्षांत झिजणारी.

म्हणून माझे म्हणणे असे, की वीज साठवण्याआधी कामे उन्हात हलवावीत. शेतीच्या पंपाचेच घ्या. रात्रीच्या पाळीची वीज आली, की शेतकऱ्याला थंडीत, विंचूकाट्यातून बॅटरी घेऊन बांधावर जावे लागते. तोच पंप दुपारी चालला तर? वीज साठवण्याची गरजच नाही. पाणी थेट पिकाला मिळते किंवा शेततळ्यात साठते. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे. गावच्या टाकीत पाणी चढवणे, पिठाची गिरणी चालवणे, हीसुद्धा दिवसाचीच कामे होऊ शकतात.

रात्री वीज लागणारच नाही, असे कोण म्हणेल? दवाखाना आहे, तुमचा अभ्यास आहे. महागाची साठवण त्यांच्यासाठी राखून ठेवावी, एवढेच.

आठवडाभर एक प्रयोग करा. घरच्या मीटरचा आकडा सूर्योदयाला व सूर्यास्ताला टिपून ठेवा. दिवसाचे युनिट किती, रात्रीचे किती? रात्रीच्यापैकी कोणते काम दिवसा करता आले असते? या प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजेच सौर ऊर्जेचा खरा अभ्यास होय.