सीमेवर अडलेला न्याय

मिनियापोलिस येथे २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झाला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. ते उचितच होते. कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांनाच जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. परंतु पांढुर्णा-सौंसरची आठवण आम्हां पत्रकारांना होते ती केवळ पोळ्यानंतरच्या गोटमारीपुरती!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. अवघ्या अठरा दिवसांनी राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात आले. हे मराठीभाषक तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. महार जात दोन्ही राज्यांच्या अनुसूचीत आहे आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती आहेत. तरीही सौंसरचा दलित तरुण नागपुरात येऊन राहिला, तर महाराष्ट्राच्या शासकीय नोकरभरतीत त्याचा दाखला चालत नाही. सवलत मूळ राज्यापुरतीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निर्णय आहे. अस्पृश्यतेने कधी राज्याची सीमा पाळली होती काय?

संसदेने कायदा करून ही विसंगती दूर केली पाहिजे, असे आम्हांस वाटते. समुद्रकाठच्या आम्हांला सातपुड्यातील हे गाऱ्हाणे दूरचे वाटेल. पण मिनियापोलिस त्याहून कितीतरी दूर आहे.