कोरफड विचारपूस करत नाही!

आमच्या गोंदियाकडे अंगण असो की फ्लॅटची गॅलरी, एखाद्या फुटक्या बादलीत कोरफड असतेच. हिंदीचा शेजार, म्हणून कुणी तिला ग्वारपाठाही म्हणतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की तुळसही मान टाकते, पण ही आपली हिरवीगार! चटक्यावर, रापलेल्या चेहऱ्यावर, केसांना तिचा गर मीही लावते. माझी तक्रार आहे ती पिण्याबद्दल.

शेजारची सून रोज उपाशीपोटी अख्खं पान सालीसकट मिक्सरमधून काढून प्यायची. पाळी लांबली होती ना! "घरचंच त आहे ना वो काकू, काही नाही होत," असं म्हणाली. चौथ्या दिवशी जुलाब आणि मुरड्यानं आडवी झाली. दवाखान्यात कळलं, तिला दिवस गेलेत. नशीब, दोघंही सुखरूप राहिली.

मैत्रिणींनो, कोरफडीची साल आणि गर यांच्यामध्ये पिवळा, कडू चीक असतो. तोच वाळवला की काळाबोळ होतो. हा चीक जबर रेचक आहे. अमेरिकेत तर २००२ मध्ये औषध प्रशासनानं दुकानात सहज मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून त्याला बाद केलं. गरोदरपणात तो पोटात जाऊच नये. शिवाय आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच. जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं, तर त्यांचं दुखणं उफाळून येऊ शकतं.

हे सगळं त्या सुनेला सांगितलं. ती हळूच म्हणाली, "दवाखान्यात जायचं म्हणजे आधी घरात सांगावं लागते, मग पैसे मागावे लागते."

खरं दुखणं इथं आहे! कोरफड पैसे मागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, कुणी काही विचारतही नाही. म्हणून ती आम्हा बायकांची डॉक्टर झाली. पाळी लांबली तर तपासणी, थकवा असेल तर रक्ताची चाचणी, हे सरकारी दवाखान्यातही होतं. आशाताईला विचारलं तरी ती वाट दाखवते.

कोरफड दारात राहू द्या. गर लावायचा तर पान कापून थोडा वेळ उभं ठेवा, चीक गळून जाऊ द्या. पण "काय होतंय गं तुला?" हे सुनेला, लेकीला विचारायचं काम मात्र आपलंच. ते बादलीतल्या झाडावर नका सोपवू.